तुमच्याकडे पाऊस आहे का?

पुण्यात पाऊससुद्धा पत्ता बघून पडतो. कात्रजला धो धो आणि आमच्या खडकीत कडकडीत ऊन, हे नेहमीचंच. माझी शाळेपासूनची मैत्रीण लग्न होऊन कात्रजला गेली, तेव्हापासून आमचा फोन एकाच प्रश्नानं सुरू होतो, "तुमच्याकडे पाऊस आहे का?" उत्तराशी दोघींनाही काही देणंघेणं नसतं. पाऊस आटोपला की गुडघे, सासू, मुलांची लग्नं. पण तो प्रश्न आमचा होता. तिचा आणि माझा, तिसरीचा नाही.

तिसरी गेल्या वर्षी आली. आमच्या क्वार्टर्समध्ये, भिंतीला भिंत लागून, नागपूरकडची शेजारीण. बोलघेवडी, हसरी. मैत्रीण एकदा घरी आली असताना मीच हौसेनं दोघींची ओळख करून दिली. वर चहाही माझाच.

यंदा ऐन मे महिन्यात, भर दुपारी खडकीत गारा पडल्या. मी डोक्यावर ताट धरून, पातेलं घेऊन अंगणात धावले. बोराएवढ्या गारा! पातेलं ओट्यावर ठेवलं आणि मैत्रिणीला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. लागला तोवर पातेल्यात नुसतं पाणी उरलं होतं.

"अगं, इकडे गारा..."

"हो हो, कळलं. बोराएवढ्या ना? फोटो आला मला."

फोटो कुणी पाठवला हे विचारायची गरज नव्हती. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येत होतं. माझा नुसता जळफळाट झाला. या वयात, आणि गारांवरून!

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी लोणच्याच्या कैऱ्या घ्यायला मंडईत गेलो. त्या दोघी पुढे, मी पिशव्या घेऊन मागे.

"मे महिन्यात गोधड्या काढल्या आम्ही," मैत्रीण म्हणाली. "असं कधी बघितलं होतं का?"

"आमच्याकडे मेमध्ये कूलरपुढून उठवत नाही," शेजारीण म्हणाली, "अन् इथं पोट्टे स्वेटर घालून हिंडून राहिले!"

यावर मैत्रीण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझ्या विनोदांना ती आजवर फक्त "पुरे गं" म्हणत आली आहे.

चहाला बसलो तेव्हा मला राहवलं नाही. "तुम्हाला हवामान खात्यानंच घ्यायला हवं," मी शेजारणीला म्हटलं. "खडकीत थेंब पडला की आधी कात्रजला बातमी!"

तिचा चेहरा पडला. कोथिंबीर राहिली म्हणून ती उठून गेली.

"नवीन होती तेव्हा ती तुलाच फोन करायची," मैत्रीण शांतपणे म्हणाली. "तुमच्याकडे पाऊस आहे का, म्हणून. तू काय सांगितलंस तिला?"

मला शब्दन् शब्द आठवत होता. मी म्हणाले होते, "आपल्यात एक भिंत आहे. ढग काय वेगळे असणार? खिडकी उघडा आणि बघा." उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं.

"मग ती मला फोन करायला लागली," मैत्रीण म्हणाली आणि तिनं चहा संपवला. घरी येताना बसमध्ये शेजारीण पुढच्या सीटवर जाऊन बसली, मी पिशव्या घेऊन मागे.

काल संध्याकाळी पुन्हा आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. मी फोन उचलला आणि शेजारणीला लावला. भिंतीपलीकडे वाजलेली घंटा मला ऐकू आली. यात चांगुलपणा वगैरे काही नव्हता. आपण बोलत राहिलो तर तेवढा वेळ तरी तिचा फोन कात्रजला लागणार नाही, एवढाच माझा हिशेब.

"तुमच्याकडे पाऊस आहे का?" मी विचारलं.



"थांबा ताई," ती म्हणाली, "पाहून सांगते." आणि खरंच खिडकी उघडल्याचा आवाज आला.

मग ती बोलत राहिली. तिकडचा पाऊस, एकटी राहणारी आई, इथं दुपारी घर खायला उठतं ते. मी ऐकत होते. मध्येच माझ्या फोनवर टुकटुक वाजायला लागलं. बघितलं तर कात्रज.

मी घेतला नाही. लागू दे की एकदा तिलाही एंगेज.