रस्त्याचा ढाळ

त्या दिवशी गाडी हळू चालली होती आणि रस्त्याला ढाळ नव्हता. ही दोन वाक्यं आधी लिहून टाकतो. पंचनाम्यात मात्र 'अतिवेग' असा शब्द आहे. लिहिणाऱ्या जमादाराचा त्यात काही दोष नाही. त्याने मला विचारलं, मी उत्तर दिलं, त्याने ते उतरवून घेतलं. या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली. माझं वय आता ऐंशीच्या घरात आहे.

मी डेंटर होतो. ठोकलेल्या गाड्या ठाकठीक करणं हा माझा धंदा. मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला माझी पत्र्याची शेड होती. कामं यायची ती ट्रकची आणि जीपची. तेव्हा देशात मोटारी मिळायच्या मोजून तीन तऱ्हेच्या, आणि त्या तिन्ही आम्हाला आवडत नव्हत्या. आम्हाला म्हणजे चौघांना. शुक्रवारी दुपारी शेडमध्ये आमची बैठक असायची. त्यात एक अजिंठ्याचा गाइड होता. परदेशी पाहुणे हॉटेलच्या खोलीत सोडून गेलेली मोटारींची मासिकं तो गोळा करून आणायचा. दुसरे चाचा. एका जहागीरदाराच्या घरी ते ड्रायव्हर होते. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी ते घराणं हैदराबादला गेलं, चाचा इथेच राहिले. तिसरा माझा मित्र, फुलंब्रीजवळच्या एका गावचा बागायतदार. आम्ही त्याला पाटील म्हणायचो. चौथा मी. मला सगळे उस्ताद म्हणत, आणि मला ते फार आवडायचं.

त्या मासिकांत नवी मॉडेलं असत. इटलीची, जर्मनीची, जमिनीला चिकटून चालणारी. त्यातली एकही आमच्या नजरेस कधी पडणार नव्हती, पण आमची मतं मात्र ठाम होती.

"ही बघा," गाइड पान उलगडून दाखवायचा. "दारं वरच्या अंगाला उघडतात."

"पाऊस आला की मंग आंघोळच," पाटील म्हणायचा. "आन् एवढी खाली? आमच्या शिवारातल्या पांदीत घातली तर नांगरच चालला म्हनतील लोकं."

चाचा मासिक डोळ्यांपासून लांब धरून बघत. "इसमें आदमी बैठता है क्या लेटता है मियाँ? मेरे को तो मय्यत लेके जाने की दिखरी."

"चाचा, तुमच्या सायबाची लाल गाडी यापेक्षा उंच होती का?"

"उसकी बात नक्को करो. वो गाडी नहीं थी, दुल्हन थी."

पण आमचं आवडतं पान वेगळंच होतं. बहुतेक मासिकांच्या मागच्या बाजूला मोडलेल्या गाड्यांचे फोटो असत. शर्यतीत उलटलेल्या, झाडाला गुंडाळल्यासारख्या झालेल्या, अशा महागड्या गाड्या. ते पान आलं की तिघं माझ्याकडे बघत. मी फोटो उजेडात धरायचो, थोडा वेळ घ्यायचो आणि निकाल द्यायचो, "सरळ होईल" किंवा "भंगार". त्यावर वाद व्हायचा नाही. खरं तर तो निकाल चूक की बरोबर हे कुणाला कधीच कळणार नव्हतं. हजारो कोसांवरच्या त्या गाडीला मी सुतळी थोडीच लावणार होतो! अशी दहा वर्षं मी न मोजता निकाल देत आलो आणि त्याची मला सवय लागली.

सुतळीचं सांगायला हवं. गाडीचा सांगाडा, म्हणजे खालची लोखंडी चौकट, वाकला आहे का हे आम्ही सुतळीने बघायचो. चौकटीच्या चार कोपऱ्यांतून ओळंबा सोडायचा, तो जिथे टेकेल तिथे फरशीवर खडूने खूण करायची. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना तिरपी सुतळी लावायची. दोन सुतळ्यांची फुली होते. दोन्ही लांबीला सारख्या आल्या तर सांगाडा सरळ. याला आम्ही 'फुली घेणं' म्हणायचो.

चाचांची ती लाल गाडी जहागीरदाराच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये तशीच पडून होती. दोन माणसांची, उघड्या टपाची इंग्रजी गाडी. धाकट्या साहेबांनी ती दौलताबादच्या घाटात ठोकली आणि मग घराणंच निघून गेलं. पुढे बंगला विकायला निघाला, तेव्हा पाटलाने ती गाडी उचलली. शेतातल्या बैलगाडीला बांधून त्याने ती माझ्या शेडपर्यंत आणली. गाडीवर कोंबड्यांची विष्ठा होती आणि सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. पाटील मात्र जावई आणल्यासारखा हसत होता.

"उस्ताद, फोटो नाय हा. खरीखुरी हाय. बोला, सरळ व्हईल का भंगार?"

बाकीचे दोघं उभे होते. मी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "पत्रा गेलाय. सांगाडा सरळ आहे."

चाचा हळूच म्हणाले, "बाएँ तरफ से लगी थी. जोर की लगी थी. डोरी डाल के देख लेते एक बार."

"देखेंगे चाचा."

फुली मी घेतली ती चार महिन्यांनी. तोवर इंजिन सुरू झालं होतं, पत्रा सरळ झाला होता, लाल रंगाचा पहिला हात बसला होता. शेडमध्ये मी एकटाच होतो. दोन सुतळ्यांत दोन बोटांचा फरक निघाला. डावा पुढचा कोपरा मागे ढकलला गेला होता. मी पुन्हा ओळंबा सोडला, पुन्हा खुणा केल्या. पुन्हा दोन बोटं.

तो सांगाडा सरळ करायचा तर गाडी पूर्ण सुटी करावी लागली असती. आणि मुख्य म्हणजे तिघांना सांगावं लागलं असतं की उस्तादाने बघून सांगितलं ते चुकलं. मी पायाने खडूच्या खुणा पुसल्या. पुढच्या चाकाशी लोखंडी चकत्या घालून गाडी अशी बसवली की जोरात ब्रेक लागला नाही तर सपाट रस्त्यावर ती सरळ चालेल. आणि ती चालली. चाचा तिच्यात बसून रडले.

पंधरा दिवसांनी पाटील आला. "उस्ताद, एक इचारू? जरा जोरात बिरेक मारला की डाव्या अंगाला वढती."

मी हातातलं काम सोडलं नाही. म्हणालो, "रस्त्याला ढाळ असतो पाटील. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच ठेवतात. आपण डावीकडून चालतो, मग गाडी डावीकडंच ओढणार. तुझ्या जीपला जड चाकं, तिला कळत नाही. ही नाजूक आहे, हिला कळतं."

सगळ्यात वाईट हे की यातलं ढाळाचं एक अक्षरही खोटं नव्हतं. रस्त्याला ढाळ असतोच. पाटलाचं तोंड उजळलं. आपल्या गाडीला रस्त्याचा ढाळ कळतो, हे तो त्यानंतर गावभर सांगत सुटला. आमच्या बैठकीत तर तो विनोदच झाला. कुणाच्या हातून चहा सांडला की पाटील म्हणायचा, "ढाळ हाय, ढाळ." गाइड मांडी मोडून एका बाजूला कलला की, "चाचा, गाइडला कळाया लागला बरं का ढाळ." सगळे हसायचे. मीही हसायचो.

पुढे एक दिवस पाटलाच्या धाकट्या मेव्हणीचा साखरपुडा त्याच्या घरी होता. सकाळी तो शहरात खवा घ्यायला आला. जाताना शेडवर थांबला, पण गाडीतून उतरला नाही. म्हणाला, "वहिनीनं तुमच्या सांगितलंय, पाव्हणे यायच्या आत लवकर या. पर मी काय हिला पळवत नाय. नवी नवरी हाय." हे त्याचे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द.

दीड तासाने निरोप आला. फुलंब्रीच्या अलीकडे एका लहान पुलाच्या तोंडाशी गाडी डाव्या कठड्यावर गेली होती, आणि उघड्या टपातून पाटील कठड्यापलीकडे खालच्या दगडांवर पडला होता. मी पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. तो वाटेतच गेला हे नंतर कळलं. पुलापलीकडे एक मेंढपाळ त्याचा कळप धरून उभा होता. येईल त्याला तो सांगत होता, "गाडी हळूच व्हती वो. माजी मेंढरं आडवी आली म्हनून त्यांनी थांबिवली. थांबता थांबता ती आपसूक वळली. त्यांनी नाय वळविली." त्याचं कुणी ऐकत नव्हतं. लोक लाल गाडीकडे बघून माना हलवत होते. "शर्यतीची गाडी हाय, उगं मरतंय का मानूस?" असं एकजण म्हणाला.

मी पुलावर उभा राहून रस्ता बघितला. पुलावर तो सपाट होता.

जमादाराने मला ओळखलं. "ही गाडी तुम्हीच बनवली ना? गाडीत काही खोट होती का?"

मेंढपाळ माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "नाही. गाडी सरळ होती."

मग राहिलं काय? वेग. जमादाराने तसं लिहिलं.

सीटखाली खव्याचा पितळी डबा होता. तो घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. दारात मांडव होता. वहिनीने, पाटलाच्या बायकोने, डबा हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, "मीच म्हनले व्हते लवकर या."

ते वाक्य त्या वेळी माझ्या कानावरून गेलं. ते आत शिरलं खूप वर्षांनी, त्यांच्या मुलीच्या लग्नात. मांडवात पाहुण्यांची गाडी यायची होती, मुहूर्त जवळ आला होता. कुणीतरी फोनवर ओरडत होतं, "लवकर या, लवकर." वहिनीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "सावकाश या. मुहूर्त टळला तर टळू द्या." मग शेजारच्या बाईने मला सांगितलं की या घरात 'लवकर' शब्द कुणी काढत नाही. शाळेला उशीर होत असला तरी पोरांना कधी कुणी घाई केली नाही. वहिनी म्हणते, तिच्या एका शब्दाने माणूस गेला.

मी त्या दिवशी जेवलो आणि परत आलो. पुढेही वीस-बावीस वर्षं गप्प राहिलो. चाचा गेले. त्यांना संशय होता असं मला वाटतं. पाटील गेल्यावर ते शेडवर कधी आले नाहीत, वाटेत भेटले तर सलाम करून पुढे जायचे. गाइडही गेला. शेड मी कधीच मोडली. आता शहरात कुठेही तशा गाड्या दिसतात, जमिनीला चिकटून चालणाऱ्या, लाल. नातू त्याच्या मोबाइलवर मोडलेल्या गाड्यांचे फोटो दाखवतो आणि विचारतो, "आजोबा, ही होईल का सरळ?" मी म्हणतो, मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात मी फुलंब्रीला गेलो. रस्ता रुंद झालाय, तो पूल राहिला नाही. वहिनी ओसरीवर गवार निवडत बसली होती. मला बघून हसली. "या भाऊजी. इतक्या दिसानं?"

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. सुतळी, दोन बोटं, चकत्या, ढाळ, जमादार, मेंढपाळ. काही राहू दिलं नाही. तिचा हात गवारीच्या टोपलीत तसाच थांबला होता.

मग तिने उजव्या हाताची दोन बोटं जुळवून समोर धरली. "एवढं?"

"हो वहिनी. एवढंच."

"म्हंजी त्यांनी पळविली नव्हती."

"नाही. हळू होती. तुमच्या सांगण्याचा त्यात काही संबंध नाही."

"खव्याच्या डब्याचं झाकनबी निघालं नव्हतं," ती म्हणाली. "मी तो डबा पन्नासदा पाह्यला आसंल. माज्या ध्यानातच आलं नाय. जोरात आसती तर झाकन राह्यलं आसतं का?" मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमी लेकीच्या लग्नात माज्या पंगतीला जेवलात, भाऊजी."

माफ करा म्हणायचं ठरवून गेलो होतो, पण ते न म्हणताच मागे वळलो. तिने मला बसा म्हटलं नाही, पाणीही दिलं नाही. तिने ते द्यावं असं मलाही वाटलं नाही.

मी पायरी उतरायला लागलो तेव्हा ती मागून म्हणाली, "माज्या एकटीला सांगून काय उपेग? सारं गाव म्हनतं, मस्तीनं गेला. नातवंडंबी तेच ऐकत मोठी झाली. ज्यांच्याफुडं तुमी गप बसलात त्यांच्याफुडं सांगा. लिवून काढा. आदी हेच लिवा, का गाडी हळू व्हती."

"लिहितो वहिनी."

"आन् लवकर लिवा," ती म्हणाली. "लवकर लिवा, भाऊजी."

घरी आल्यावर मी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. तसाच लिहायला बसलो.