चाकाला शेवटचा दात नसतो

२ नोव्हेंबर, रविवार. उद्यापासून नवी बॅच. पहिल्या धड्याच्या वीस प्रती काढून पिना मारून ठेवायच्या, एवढंच आजचं काम. धडा गेली नऊ वर्षं तोच आहे: कॉम्प्युटरवर बारा दातांचं चाक काढणे. प्रती निघत होत्या तेवढ्यात शबानाचा फोन आला. काल पहाटे तिचे वडील वारले, मालेगावलाच. दफनही झालं. मॅडमना कळव, असं ते सांगून ठेवून गेले होते.

आम्ही त्यांना जॉबरचाचा म्हणत असू. एखादी वस्तू नीट बघायची असली की ते डोळे मिटून घेत आणि तिच्यावरून अंगठा फिरवत. माझ्या इंदिरानगरच्या क्लासमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी टेबलावर अंगठा दाबला, डोळे मिटले आणि डावीकडचा पाय आखूड आहे म्हणून सांगितलं. होता.

ही गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. चाचांचं वय एकाहत्तर. पन्नास वर्षं त्यांनी मालेगावात जॉबरकी केली होती, म्हणजे यंत्रमाग जुळवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे. बायको गेल्यावर इथे जवळच वडाळ्याला शबानाकडे राहायला आले. कापडी पिशवीतून त्यांनी एक लोखंडी चाक काढून माझ्यासमोर ठेवलं. सदतीस दात, सगळे झिजलेले. धाकट्या भावाचे आठ जुने माग होते. विणलेलं कापड सारख्या वेगानं पुढे ओढायचं काम हे चाक करतं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. भावानं भंगारवाल्याला बकरी ईदनंतर या म्हणून सांगितलं होतं. इथल्या अंबडमधला एक कारखानदार चाक कापून द्यायला तयार होता, पण त्याला कॉम्प्युटरवरचं चित्र हवं होतं. चाचांकडे दोन महिने होते.

मी म्हटलं, ठेवून जा, तासाभरात काढून देते. ते उठले नाहीत. भावाकडे अशी आणखी पाच-सहा चाकं होती. "आज तुम्ही काढाल. उद्या दुसरं तुटलं तर काय तुम्ही मालेगावला येणार? मला शिकवा." मी त्यांना सकाळच्या बॅचमध्ये बसवलं.

बॅचमध्ये अठरा-वीस वर्षांच्या मुली, लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या शिकायला आलेल्या. चाचा माऊस पान्यासारखा आवळून धरत. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून एक वर्तुळ धड गोल निघालं नाही. एका मुलीनं चिडवलंही, चाचा, तुमची भाकरी वाकडी झाली. चाचा म्हणाले, "वाकडी तर वाकडी बेटा, दुसरी थापतो," आणि खरंच दुसरी थापली. चुकलेलं मागे घ्यायचं बटण मी दाखवलं तेव्हा मात्र त्यांनी माऊस सोडला. मग डावा हात वर केला. तर्जनी अर्धीच होती. "हे बटण चाळीस वर्षं आधी पाहिजे होतं." हसावं की नाही या विचारात मुली पडल्या, तोवर ते स्वतःच हसले.

मी सोपा मार्ग सुचवला. चाकाचा फोटो काढा आणि कडेकडेनं रेघ फिरवा. चाचांनी मान हलवली. "मॅडम, हे चाक म्हातारं झालंय. म्हाताऱ्याची नक्कल केली तर पोरगं जन्मालाच म्हातारं येईल." मग त्यांनी माझं बोट धरून दाताच्या अगदी कडेला टेकवलं. जोडीचं चाक अरुंद असल्यामुळे त्या कडेपर्यंत पोचत नव्हतं. तिथे दोराएवढ्या पट्टीत दात अजून कोरा होता. त्यांनी माप तिथलं घेतलं आणि स्क्रीनवर मधोमध दोन रेघा, त्यावर वर्तुळ, वर्तुळावर एकच दात काढला. त्या एका दाताला चार दिवस लागले.

पुढचं काम माझ्या मते किरकोळ होतं. दाताचा फिरण्याचा बिंदू चाकाच्या मध्यावर नेऊन ठेवायचा आणि ठरावीक अंशांनी फिरवत दाताच्या प्रती काढायच्या. बारा दातांना तीस अंश, सरळ हिशेब. सदतीस दातांना नऊ पूर्णांक सात आणि पुढे दशांशांचं शेपूट. शेपूट सोडून द्या, असं मीच सांगितलं. त्यांनी सोडलं. खऱ्या मापाची प्रिंट काढली. चाचांनी कागदावरही अंगठा फिरवायला सुरुवात केली, तेव्हा मला मनातून हसू आलं. कागदावर काय लागणार हाताला? पण या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. सदतिसाव्या दातावरून पहिल्यावर येताना अंगठा थांबला. ती फट जरा रुंद होती.

मी म्हटलं, जेमतेम एका अंशाचा फरक आहे, तोही शेवटच्या दाताला. चालून जाईल. ईदला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

"चाकाला शेवटचा दात नसतो, मॅडम," ते म्हणाले. "प्रत्येक फेऱ्याला ही फट येणार. प्रत्येक फेऱ्याला कापडावर पट्टी पडणार."

तोवर आठ वर्षं मी हा धडा शिकवत होते. चूक माझ्या लक्षात आली नव्हती, कारण बारा दातांनी ती कधी दाखवलीच नाही. घरी जाऊन शोधलं. अंशांच्या चौकटीत उत्तर लिहायचंच नाही. ३६० भागिले ३७ असंच लिहायचं, भागाकार कॉम्प्युटर करतो. दुसऱ्या दिवशी चाचांनी छत्तीस प्रती पुसल्या आणि पुन्हा काढल्या. मी फक्त शेजारी बसले.

चाक कापून झालं, मागाला बसलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. त्यांनी फोन मागाजवळ धरला होता. मिनिटभर नुसता खडखडाट ऐकला आणि फोन बंद झाला. भंगारवाला रिकाम्या हातानं परतला, हे मागाहून शबानाकडून कळलं. चाचा मालेगावलाच राहिले. पुतणीच्या लॅपटॉपवर काढलेली चाकं मला पाठवत: अठ्ठावीस दात, त्रेचाळीस दात. कधी खाली दोन शब्द असत, "फट बघा." मी मोठं करून बघत असे. सापडली नाही.

ते जुनं चाक माझ्याकडेच ठेवून गेले होते, कागदावर वजन म्हणून. आज प्रिंटरशेजारी तेच होतं, वीस प्रतींच्या गठ्ठ्यावर.

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी साडेआठला क्लास उघडला. बारा दातांच्या वीसही प्रती पाठकोऱ्या कागदांच्या खोक्यात टाकल्या. फळ्यावर ३७ लिहिलं. मुली येऊन बसल्या तेव्हा चाक पुसून पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातात दिलं आणि तिला डोळे मिटायला सांगितलं.