रेवाताईंना बसवत नाही

रेवाताई मुंबई सोडून आमच्या नांदेडच्या संस्थेत आल्या, तेव्हापासून मैत्रिणींत मला दुसरा विषयच नाही! एक किस्सा सांगून होईस्तोवर बाई दुसरा घडवून ठेवतात. आधी मॉडेल, मग सिरियलमधली नटी, आणि आता मुलांच्या हक्कांसाठी गावोगाव. मी त्यांच्यासोबत फिरते. म्हणजे खरं तर मागं पळते!

*

सिरियलमध्ये त्या दुष्ट सावत्र आई होत्या. किल्लारीजवळच्या एका गावात मुलींच्या शाळेचं बोलायला गेलो, तर एक म्हातारी दारात आडवी!

"हिला आत घेऊ नगा! हिनं त्या लेकराला उपाशी ठेवलंय!"

मी म्हटलं, "आजी, ते खोटं असतंय."

"खोटं कसं? म्या डोळ्यानं बघितलंय की!"

ताई पुढं झाल्या. "चुकलं माझं, आजी. तुमची नात शाळेत जाते?"

"न्हाई."

"मग चला, दोघी मिळून सुधारू!"

म्हातारी दारातून सरकली.

*

लातूरला वीटभट्टीवरच्या मुलांसोबत फोटो काढायचा होता. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, पोराचे केस जरा विस्कटा. गरीब दिसू द्या."

ताईंनी दोन्ही हातांनी केस विस्कटले. फोटोग्राफरचेच! "आता द्या तो कॅमेरा इकडं!"

*

निलंग्याच्या बसची वाट बघत होतो. बाकडं रिकामं, आणि ह्या येरझारा घालून राहिल्या.

"ताई, बसा की जरा."

"एका जाहिरातीत तान्हं बाळ माझ्या मांडीवर होतं," त्या एकदम म्हणाल्या. "सीन रडायचा, आणि ते हसायलाच लागलं. मग कुणीतरी त्याला चिमटा काढला. टेक ओके!"

"मग?"

"मग मी उठले. तेव्हापासून बसवत नाही गं."

बसमध्ये जागा होती, तरी निलंग्यापर्यंत उभ्याच!

*

आणि हे तर ऐकाच. तिकडच्याच एका गावात पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावून राहिलेत, असा फोन आला. बोलणाऱ्या बाईनं नाव सांगितलं नाही. पोलिसांना कळवलं, पण त्यांना यायला वेळ, आणि मुहूर्त तोंडावर! ताई सरळ मांडवात शिरल्या.

"नटी आली, नटी आली!" सेल्फीला ही झुंबड! ताई एकेकाला सांगतात, "हा हलला, परत काढा." नवरदेव, करवल्या, भटजीसुद्धा रांगेत! मुहूर्त टळला, आणि पोलिसांची जीप आली.

लग्न थांबलं. मग मात्र अख्खा मांडव आमच्या अंगावर! सगळ्यांत पुढं मुलीची आई. "लेकीचं वाटोळं केलं माझ्या! निघा गावातून!" असं ओरडत तिनं ताईंचा दंड धरला आणि ढकलत ढकलत थेट संस्थेच्या गाडीत बसवलं. दार धाडकन लावलं.

मग खिडकीशी वाकली. आवाज एकदम खाली.

"लई उशीर केला ओ, ताई. सकाळपासून जीव थाऱ्यावर न्हाई माझा."