अहो, खोका ना!

"तुमचे मिस्टर खोकत नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि मला फस्सकन हसूच आलं. ज्या माणसाने सकाळी बेसिनपाशी घसा साफ केला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागतं, तो माणूस खोकत नाही? डॉक्टरांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश.

बायपास छान झाली होती. हे शुद्धीवर आले होते, श्वासाची नळी काढली होती, हातपाय हलवले होते. पण छातीचं हाड मधोमध कापून तारेने शिवलेलं. खोकताना जीव जातो म्हणून यांनी खोकणंच बंद केलं होतं. आला खोकला की दाबून टाकायचा. डाव्या फुप्फुसात कफ साठला होता आणि ताप चढायला लागला होता. संध्याकाळच्या राऊंडपर्यंत तो कफ निघाला नाही तर पुन्हा नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल, आणि मग पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझं हसू जिथल्या तिथे गोठलं.

त्यातून इथे ऑपरेशन करायचा हट्ट माझा. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नवी मुंबईत बायपास होते यावर आमच्या नातेवाइकांचा विश्वासच नव्हता. "अगं, पुलापलीकडे ने त्याला, मुंबईत! तिथे मोठमोठी हॉस्पिटलं आहेत," थोरले दीर फोनवर ओरडत होते. मीही ओरडले. म्हटलं, भाऊजी, मुंबईत ऑपरेशन करणारा डॉक्टरच इकडे येतो, पूल ओलांडताना त्याची सुरी काय बोथट होते? फोन ठेवला आणि नेरूळच्या आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा हॉस्पिटलात यांना दाखल केलं. आता काही बरंवाईट झालं असतं तर सगळ्यांनी मला फाडून खाल्लं असतं. ते गेलं खड्ड्यात! पण हे नसते तर मी भांडणार कुणाशी होते? जगणार कशी होते?

मी अशी बसलेली, तेवढ्यात आतून सिस्टर आली. केरळची होती, काटकुळी, चालायला लागली की वारा. तिला मराठी येत नव्हतं आणि माझं हिंदी म्हणजे आनंदच. ती म्हणाली, "मैं नाम लेके बुलाती, वो सुनता नहीं. आँख बंद करके पडा रहता. तुम घर में क्या बोलके बुलाता?"

आता नाव घेऊन यांना हाक मारतंय कोण? पावणे गावच्या कारखान्यात सगळे 'मिस्त्री' म्हणतात. घरी हाक मारणारी मी एकटीच. मी खरं तेच सांगितलं. "अहो."

"अहो?"

"हां. अहो."

तिने मान डोलावली आणि आत गेली.

मी काही फार जुन्या वळणाची बाई नाही. भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांशी भांडून झालंय माझं. पण नवऱ्याचं नाव जिभेवर येत नाही, काय करणार? आमच्या अलिबागकडे आईने घेतलं नाही, आजीने घेतलं नाही. घ्यायचं ते उखाण्यात, लग्नात नाहीतर हळदीकुंकवाला, बायका दार अडवून बसल्या म्हणजे. एरवी अहो, नाहीतर ऐकलंत का. आणि इथेही लिहिणार नाहीच.

आत सिस्टरचा आवाज सुरू झाला. "अहो! खाँसो! अहो, जोर से! अहो, प्लीज!" अगं बाई! इतक्या लाडिक सुरात तर मीसुद्धा कधी हाक मारली नव्हती. कोणीतरी माझ्याआधी आत शिरून माझा संसार थाटून बसलं होतं. पाठोपाठ हसण्याचे आवाज आले आणि मग सिस्टरच तणतणत बाहेर आली. "बाकी पेशंट लोग हसता है. क्यों हसता है? तुम आओ अंदर."

हिरवा गाऊन, टोपी, कुणाच्या तरी मोठाल्या चपला असा माझा अवतार करून मी आत गेले. आणि यांना पाहिलं. चेहरा हळदीसारखा पिवळा, ओठ सुकलेले, छातीशी उशी घट्ट धरलेली. मी खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले.

शेजारच्या खाटेवर पनवेलकडचे एक कोकणी मुसलमान चाचा होते, लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांचं ऑपरेशन यांच्या आधीच झालं होतं. ते सिस्टरला समजावत होते, "सिस्टर, अहो ये नाम नहीं है. ये तो इनकी सब औरतें अपने मरद को बोलती हैं."

सिस्टर जागच्या जागी उभी. मग दोन्ही हात गालांवर. "अय्यो! मैं इतनी देर से इसको हजबंड बुलाती?"

सगळ्या खोलीत हशा पिकला. ज्यांची छाती शिवलेली ते बिचारे उशी कवटाळून हसत होते आणि "आई गं" करत होते. आणि मी पाहिलं, यांचा ओठ थरथरला. ही थरथर मला चांगली ठाऊक! कीर्तनात, मयताला, जिथे हसायचं नसतं तिथे यांचा ओठ अश्शीच थरथर करतो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: हसले तर खोकतील!

चाचांनीच वाट करून दिली. "भाबी, आता तुमीच खरं नाव घ्या. पण उखाण्यात हां! आमच्या शेजारच्या लग्नांत मी किती ऐकलेत."

"घ्या, घ्या," सगळे मागे लागले. हॉस्पिटलच्या खोलीत, गाऊन घालून, टोपी डोळ्यांवर आलेली, मी उभी राहिले. घड्याळाकडे पाहायची हिंमत नव्हती. पदर नव्हता तरी खांद्यावरून हात फिरवला आणि सुचेल ते म्हटलं:

"पापलेटच्या कालवणाला आमसुलं घातली चार,
—रावांना खोकवता खोकवता सगळा वॉर्ड बेजार!"

यांचे डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. आणि दिवसातला पहिला शब्द बाहेर आला, "चार?"

"हो, चार!"

"पापलेटला चार आमसुलं? आंबट... वाटोळं होईल कालवणाचं," असं काहीतरी पुटपुटले आणि हसायला लागले. "हसवू नकोस गं, दुखतंय," म्हणत हसायला लागले! सिस्टर ओरडली, "तकिया दबाओ!" मी उशीवर दोन्ही तळवे दाबले. हसण्याचा खोकला झाला, एक, मग दुसरा, खोल पोटातून, आणि आला एकदाचा! चांगला लिंबाएवढा गोळा. कुणाचा कफ बघून मी आनंदाने किंचाळेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. सिस्टरने तो ट्रेमध्ये घेऊन सगळ्यांना फिरवून दाखवला. टाळ्या वाजवता येत नव्हत्या कुणाला, म्हणून चाचा चमच्याने खाटेचा दांडा बडवत सुटले.

संध्याकाळी डॉक्टर आले. पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. मी देवाचं नाव घेत होते, ते मात्र भराभर येत होतं. "डाव्या बाजूला हवा जातेय," डॉक्टर म्हणाले. "नळी नको."

ते गेल्यावर मी यांच्यावर घसरले. म्हटलं, "एवढं दुखत होतं की दिवसभर सगळ्यांच्या जिवाला घोर लावलात?"

"दुखण्याचं काही नाही गं," हे म्हणाले. मग छताकडे बघत म्हणाले, "वाटलं, जोरात खोकलो आणि तार सुटली तर? इथे सगळी परकी माणसं. तू बाहेर. म्हटलं, व्हायचं ते होऊ दे, पण तू आत आल्याशिवाय खोकायचं नाही."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "अहो, मग बोलवायचं ना मला!"

"काय सांगून बोलवू? भीती वाटते, बायकोला आणा, असं त्या पोरीला सांगू?" कान लाल झाले होते यांचे.

"हो! असंच सांगायचं!"

मी जरा मोठ्यानेच ओरडले असणार, कारण सिस्टर धावत आली. भेटायची वेळ केव्हाच संपली होती. मी म्हटलं, मी हलणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून खाटेशी आणून ठेवलं.

मी बसले. उशीवर हात ठेवले.

"खोका," म्हटलं.

आणि हे खोकले.