क्षमेचा शब्द वडिलांकडे होता

माझा थोरला भाऊ श्रीरामपुरात उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला, तो उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीचा मंगळवार होता. यंदाच्या उपासनेच्या पत्रिकेत क्षमेच्या शब्दापुढे माझं नाव छापलंय.

येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवर, म्हणजे त्याच्या शेवटच्या सात उद्गारांवर, उत्तम शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये सात जण बोलतात. त्या वर्षी पहिला, 'हे बापा, त्यांना क्षमा कर' हा क्षमेचा शब्द वडिलांकडे होता. ट्रॅक्टरचा चालक मागच्या बाकावर होता.

"अण्णा, दुसऱ्या कुनाला सांगू का?" पाळकांनी वडिलांना विचारलं.

"नगं. मीच बोलतो."

मी समोरच्या बाकाचं उडालेलं वार्निश बघत होतो.

"त्यानं मारनाऱ्यांना माफ केलं," वडील म्हणाले. "मला आज जमत न्हाई. मानसाला जमत न्हाई, म्हनून तर त्याला वधस्तंभावर जावं लागलं."

ते खाली बसले. तेव्हा मला त्यांची लाज वाटली होती. चालक तीन वाजेपर्यंत, उपासना संपेपर्यंत, बसून होता.