गिऱ्हाईक वारसाने येतं

कुणावर लिहावं इतका मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात. तेव्हा चूकभूल माफ करावी. पण ‘वारसा’ या शब्दाला आमच्या कापडवाल्या शेठनी जितकं राबवलं, तितकं अख्ख्या शहाद्यात कुणी राबवलं नसेल. आमच्या बोलीत हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो मला शाळेच्या पुस्तकात भेटला, किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या चित्रांखाली. शेठच्या तोंडी मात्र तो दिवसभर असे. टक्कल वारसा, मधुमेह वारसा, आजोबांनी राजस्थानातून आणलेला कापड मोजायचा लोखंडी गज तर वारसाच. समोरच्या भांडेवाल्याशी त्यांचं बोलणं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाले, “कारण मन्हा बापले माहीत व्हतं. माले फक्त भांडण भेटनं.” तरी भांडेवाला आजारी पडला की घरचा काढा नोकराच्या हाती पाठवत आणि वर बजावत, “मन्हं नाव सांगू नको. भांडण मोडी जाई.”

पण त्यांचा सगळ्यात लाडका वारसा म्हणजे आम्ही, गिऱ्हाईक. तोरणमाळच्या वाटेवरच्या पाड्यांतली माणसं बाजाराच्या दिवशी खाली उतरली की गाठोडी, तान्ही पोरं, कधी पाय बांधलेली कोंबडीसुद्धा शेठच्या ओट्यावर ठेवून बाजारात जात. काही विकत घ्यायलाच हवं असं नव्हतं. मात्र आमच्यापैकी कुणाच्या अंगावर दुसऱ्या दुकानाचं कापड दिसलं की शेठना सुतक पडे. एकदा मी मोबाइलवरून मागवलेला सदरा घालून गेलो. त्यांनी बाही चिमटीत धरून चोळली.

“हाऊ कोठून लयना?”

“ऑनलाइन, शेठ.”

“तुन्हा आजा मन्हा आजाना गिऱ्हाईक. तुन्हा बाप मन्हा बापना. आनि तू कोना? त्या मोबाइलना?”

नोकर हसले. शेठ हसले नाहीत.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुरतेला स्थिरावलेला. दुकान विका आणि इकडे या, असा त्याचा धोशा. शेठना गादीवरून धड उठवत नव्हतं, दुकान घ्यायला माणूसही तयार होता, तरी ते दर वेळी काहीतरी सबब काढत. एक दिवस मला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, “तू शिकेल शे. मृत्युपत्रमा गिऱ्हाईक लिखता येस का रे?”

मला हसू आलं नाही. मी आमच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, मालमत्ता लिहिता येते, माणसं नाही. शेठना तसं सांगितलं, तर म्हणाले, “मंग तुन्हं कालेज बंद करी दे,” आणि पाठ फिरवून घडी घातलेल्याच ताग्यांच्या पुन्हा घड्या घालत बसले. त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मी नंदुरबारला होस्टेलवर असतो, त्यामुळे पुढचं उशिरा कळलं. पाड्यावर रेंज नाही. टेकडीवर चढून बाबांनी फोन केला. दुकान विकलं गेलं होतं. पण सुरतेला जाण्याआधी शेठ मुलाला घेऊन, वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून, घाट चढून आमच्याकडे आले होते. त्यांच्या घराण्यातलं कुणी आजवर वर आलं नव्हतं. मुलाचा दंड धरून ते दारोदार फिरले आणि प्रत्येक दारात त्याला सांगत राहिले, “हाई आपलं गिऱ्हाईक शे. वळखी ठेव.” सगळ्यांना वाटलं, सुरतेचा माणूस, कंटाळला असेल. पण आमच्या दारात त्याने बूट काढले, आत येऊन बाबांजवळ बसला आणि म्हणाला, “काका, लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन बाजार दाखवला होता. उसाचा रस पाजला होता.”

बाबांना ते काही आठवेना. तरी ते हो म्हणाले.