रेसवरचा पाय

२००६ साल, मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा. आमची गाडी खारबावच्या रस्त्याला मधेच आचके द्यायची. रेस किती दाबली ते इंजिनाला कळवणारा सेन्सर नवा बसवला, तरी तेच. मग पोरगा सगळ्या घरासमोर बोलला, "बाबा, गाडी चांगली हाय, तुमचा पाय थरथरतो," आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. माझं डोकंच फिरलं. ज्या पायानं जन्मभर ट्रक हाकला, त्या पायाला हा नावं ठेवतो! मी गाडी निजामपुऱ्यातल्या मिस्त्रीकडं न्यायला लावली. त्यानं इंजिन चालू ठेवून आम्हा दोघांना खाली उतरवलं, मीटर लावला आणि सेन्सरकडं जाणारी तार बोटानं हलवली. मीटरचे आकडे उड्या मारायला लागले, रिकाम्या गाडीत इंजिन आपोआप गुरगुरलं. "तार अंदर से टूटी है. चाचा के पाँव को काहे बदनाम करते हो?" मिस्त्री हसला. पोरगाही हसला, "चला, सुटलो एकदाचे!" सुटलो? माझ्या पायाबद्दल चकार शब्द न्हाय! दुसऱ्या दिवशी सकाळी तो चावी पुढं करून दारात उभा राहिला. मी चपला घातल्या, चावी न घेताच त्याच्या बाजूनं बाहेर पडलो आणि एसटीनं वज्रेश्वरीला गेलो, तेही जागा असून उभ्यानं.